मेलॅनोमा उलटल्यावर दिले जाणारे विषाणूचे इंजेक्शन: टी-व्हेक

‘डॉक्टर, बाबांच्या पायावर पुन्हा गाठी आल्यात. माझा भाऊ अमेरिकेत असतो. तो म्हणतो, तिकडे कॅन्सरच्या गाठीत विषाणू टोचतात आणि गाठ विरघळते. आपल्याकडे मिळेल का हो?’

काही महिन्यांपूर्वी एका मुलीने दवाखान्यात येऊन मला हा प्रश्न विचारला. मी कॅन्सरतज्ज्ञ नाही, जनरल प्रॅक्टिस करतो. पण असे प्रश्न आधी फॅमिली डॉक्टरकडेच येतात. तिच्या भावाने सांगितलेले खोटे नव्हते. असे औषध खरोखरच आहे आणि २०१५ पासून अमेरिकेत व युरोपात त्याला मंजुरी आहे. मात्र ते कोणत्या गाठींसाठी आहे आणि त्यातून किती अपेक्षा ठेवावी, हे फोनवरच्या बोलण्यात कुठेतरी गळून गेले होते. हा लेख त्या राहिलेल्या भागाबद्दल आहे.

मेलॅनोमा उलटतो म्हणजे काय होते?

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर म्हणजे मेलॅनोमा. गोऱ्या कातडीच्या लोकांमध्ये तो बराच आढळतो आणि उन्हाशी त्याचा जवळचा संबंध असतो. आपल्याकडे तो दुर्मीळ आहे, पण होतो तेव्हा बऱ्याचदा पायाच्या तळव्यावर, टाचेवर किंवा नखाखाली होतो. त्यामुळे कुरूप, चामखीळ, नाहीतर ठेच लागून साकळलेले रक्त समजून महिनोन्महिने दुर्लक्ष होते. त्या मुलीच्या वडिलांनीही टाचेवरच्या काळ्या डागावर आधी कुरूपाची पट्टी लावली होती.

पहिला उपचार शस्त्रक्रिया. डाग भोवतालच्या निरोगी कातडीसह काढतात आणि गरजेप्रमाणे जांघेतली किंवा काखेतली लसिकाग्रंथी तपासतात. पायाला जखम झाली की जांघेत जी गाठ येते, जिला आपण ‘अवधाण आले’ म्हणतो, तीच ही ग्रंथी. मेलॅनोमाच्या पेशी त्वचेखालच्या बारीक लसिकावाहिन्यांमधून या ग्रंथीकडे प्रवास करतात. काही पेशी वाटेतच मुक्काम करतात. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्याच पायावर, पोटरीवर, मांडीवर एकामागून एक काळसर, निळसर किंवा कातडीच्याच रंगाच्या गाठी दिसू लागतात. कधी आधीच्या व्रणाजवळ, कधी जांघेत. आजार उलटण्याची ही एक नेहमीची तऱ्हा.

अशा दोन-तीन गाठी असतील तर सर्जन त्या काढतात. पण एक काढली की महिन्याभरात चार नव्या, असे होऊ लागले तर किती वेळा कापणार? विषाणूचे इंजेक्शन नेमके या अवस्थेसाठी तयार झाले: शस्त्रक्रियेनंतर उलटलेला, पुन्हा पूर्णपणे काढता न येणारा, पण त्वचेत, त्वचेखाली किंवा लसिकाग्रंथीत असल्यामुळे सुईच्या टप्प्यात असलेला मेलॅनोमा.

कोणता विषाणू, आणि तो कॅन्सरला कसा मारतो?

औषधाचे पूर्ण नाव टॅलिमोजीन लाहेरपारेपव्हेक. उच्चारताना डॉक्टरही अडखळतात, म्हणून सगळे त्याला टी-व्हेक म्हणतात. बाजारातले नाव इम्लिजिक, कंपनी अमेरिकेतली अॅमजेन.

मूळ विषाणू आपल्या ओळखीचा आहे. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात, काही घरांत त्याला ‘जर उठला’ म्हणतात. त्यामागचा हर्पिस सिम्प्लेक्स प्रकार १ तो हाच. ‘हर्पिस’ शब्द ऐकून नातेवाईक नागिणीचा विषाणू समजतात, पण नागीण त्याच कुळातल्या वेगळ्या विषाणूमुळे होते. टी-व्हेकमुळे नागीण होत नाही.

प्रयोगशाळेत या विषाणूत मुख्यतः तीन बदल केले आहेत. एक जनुक काढल्यामुळे तो निरोगी पेशींमध्ये, विशेषतः मज्जापेशींमध्ये, नीट वाढू शकत नाही. निरोगी पेशीत विषाणू शिरला की ती अंतर्गत धोक्याची घंटा वाजवते आणि त्याची वाढ रोखते. अनेक कॅन्सर पेशींमध्ये ही घंटाच बिघडलेली असते, त्यामुळे तिथे विषाणूला मोकळे रान मिळते. दुसरे जनुक विषाणूला लपायला मदत करणारे होते, तेही काढले. तिसरा बदल भर घालण्याचा: जीएम-सीएसएफ नावाचे प्रथिन बनवणारे मानवी जनुक विषाणूत बसवले. हे प्रथिन रोगप्रतिकारक पेशींना त्या जागी बोलावून घेते.

गाठीत इंजेक्शन दिले की विषाणू कॅन्सर पेशींमध्ये शिरतो, वाढतो आणि शेवटी पेशी फुटते. नवे विषाणू शेजारच्या पेशींत जातात. पेशी फुटताना तिच्यातली कॅन्सरची प्रथिने बाहेर सांडतात. तिथे जमलेल्या रोगप्रतिकारक पेशी ती उचलतात आणि इतर पेशींना दाखवतात, जणू पोलिसांच्या हाती चोराचा फोटो लागावा. मग न टोचलेल्या गाठींवरही हल्ला होऊ शकतो. ‘होऊ शकतो’ हे शब्द लक्षात ठेवा, कारण उपचाराची खरी मर्यादा इथेच आहे.

विषाणूने कॅन्सर मारण्याची कल्पना मुळात जुनी. संसर्गानंतर कॅन्सर काही काळ ओसरल्याच्या नोंदी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहेत. विषाणूची जनुके हवी तशी बदलता येऊ लागल्यावर ती प्रत्यक्षात येण्याजोगी झाली. १९९१ मध्ये बदललेल्या हर्पिस विषाणूचा मेंदूच्या गाठीवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. मेलॅनोमासाठी टी-व्हेकला अमेरिकेच्या एफडीएने मंजुरी दिली ती ऑक्टोबर २०१५ मध्ये.

इंजेक्शन कसे देतात?

हातात किंवा शिरेत नव्हे, थेट गाठीत. गाठ हाताला लागत नसेल तर सोनोग्राफीवर पाहून टोचतात. पहिला डोस मुद्दाम सौम्य असतो, पुढच्या डोसपेक्षा शंभर पटींनी कमी ताकदीचा. ज्यांच्या शरीराला हा विषाणू आधी कधी भेटलेला नाही, त्यांना त्याची ओळख व्हावी हा हेतू. तीन आठवड्यांनी पूर्ण ताकदीचा दुसरा डोस आणि त्यानंतर दर दोन आठवड्यांनी एक. एका वेळी सगळ्या गाठी मिळून जास्तीत जास्त ४ मिलीलीटर औषध देतात. पाच सेंटीमीटरपेक्षा मोठी गाठ एकटीच सगळे औषध घेऊ शकते, तर अर्ध्या सेंटीमीटरच्या गाठीला ०.१ मिलीलीटर पुरते. गाठी जास्त असतील तर पहिल्या भेटीत सर्वांत मोठ्या गाठीला प्राधान्य आणि पुढच्या भेटींत नव्याने उगवलेल्यांना.

रुग्णालयात मुक्काम लागत नाही. पण उपचार किमान सहा महिने चालतो, म्हणजे दर पंधरवड्याला खेप. घरातल्या कोणाला तरी कामातून वेळ काढावा लागतो, हे आधीच ठरवून ठेवावे. शिवाय औषध उणे ७० ते उणे ९० अंश सेल्सिअसला गोठवून ठेवावे लागते, त्यामुळे ते जवळच्या केमिस्टकडून आणून गावातल्या डॉक्टरांकडून टोचून घेण्यासारखे नाही.

फायदा किती होतो?

मंजुरी ज्या चाचणीवर मिळाली तिचे नाव ऑप्टिम. तिच्यात ४३६ रुग्ण होते. काहींना टी-व्हेक दिले, काहींना फक्त जीएम-सीएसएफची इंजेक्शने. गाठी निम्म्याहून कमी होणे किंवा पूर्ण जाणे, आणि तो परिणाम किमान सहा महिने टिकणे, हा निकष होता. टी-व्हेक घेतलेल्यांपैकी १६.३ टक्के रुग्ण त्यात बसले, दुसऱ्या गटात २.१ टक्के. सुमारे ११ टक्के रुग्णांच्या सगळ्या गाठी नाहीशा झाल्या.

म्हणजे शंभरातल्या सोळांना टिकाऊ फायदा. आकडा ऐकून त्या मुलीचा चेहरा उतरला होता, आणि मला तो लपवायचा नव्हता. पण त्यामागचा तपशीलही पाहायला हवा. ज्यांचा आजार त्वचा आणि लसिकाग्रंथींपुरताच होता, म्हणजे टप्पा ३-बी किंवा ३-सी, त्यांच्यात हेच प्रमाण ३३ टक्के होते. फुप्फुस, यकृत अशा अवयवांत आजार पोचलेल्यांमध्ये ते फारच कमी होते.

गाठींचा हिशेब आणखी बोलका आहे. ज्यांत सुई गेली त्यांपैकी ६४ टक्के गाठी निम्म्याने किंवा अधिक आटल्या. न टोचलेल्या, पण त्वचेतल्या किंवा लसिकाग्रंथीतल्या गाठींपैकी ३४ टक्के. आतल्या अवयवांतल्या गाठींपैकी फक्त १५ टक्के. सुईपासून जितके दूर जावे तितका परिणाम ओसरत जातो.

आयुष्य वाढते का? टी-व्हेक गटातले निम्मे रुग्ण २३.३ महिन्यांपेक्षा जास्त जगले, दुसऱ्या गटात हा काळ १८.९ महिने होता. मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठाम ठरला नाही. म्हणून औषधाच्या अधिकृत माहितीतच लिहिले आहे की यामुळे एकूण आयुष्य वाढते किंवा आतल्या अवयवांतल्या आजारावर परिणाम होतो, असे सिद्ध झालेले नाही. माझ्या मते कुटुंबाने डॉक्टरांसोबत बसून वाचायचे वाक्य हे आहे. म्हणून हे औषध निरुपयोगी ठरत नाही. पायावरची फुटणारी, वास येणारी, रक्त येणारी गाठ सुकली, तर माणसाचे रोजचे जगणे बदलते. चप्पल घालता येते, चारचौघांत बसता येते.

आणखी एक गोष्ट. ती चाचणी झाली तेव्हा आजची इम्युनोथेरपी सर्रास वापरात नव्हती. पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब ही शिरेतून दिली जाणारी औषधे सगळ्या शरीरात पोचतात आणि आज पसरलेल्या मेलॅनोमात बहुधा तीच आधी विचारात घेतात. मग दोन्ही एकत्र दिली तर? ही आशा मोठी होती. ६९२ रुग्णांच्या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅबसोबत टी-व्हेक देऊन पाहिले, पण फक्त पेम्ब्रोलिझुमॅब घेणाऱ्यांपेक्षा एकत्र घेणाऱ्यांचा आजार रोखण्यात किंवा आयुष्यात ठोस फरक पडला नाही. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्येच टी-व्हेकची शिफारस केली ती शरीरभर जाणारी इम्युनोथेरपी ज्यांना योग्य नाही, अशांपुरतीच.

गाठ आधी वाढली तर घाबरायचे का?

परिणाम दिसायला सरासरी चार महिने लागतात. तोवर गाठ मोठी होणे, लाल होणे, एखादी नवी गाठ दिसणे हे बऱ्याच जणांत घडते. ज्यांना शेवटी टिकाऊ फायदा झाला, त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांमध्ये आधी वाढच दिसली होती. रोगप्रतिकारक पेशी गाठीत जमल्यानेही ती फुगते. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या इंजेक्शननंतर ‘हे तर वाढतच चाललंय’ म्हणून उपचार सोडू नका. पण वाढ ही नेहमी चांगलीच खूण असते असेही नाही. वजन उतरणे, थकवा वाढणे, दम लागणे, नव्याने डोकेदुखी सुरू होणे अशी लक्षणे सोबत असतील तर स्कॅन करून ठरवावे लागते.

कोणाला देत नाहीत?

औषध म्हणजे जिवंत विषाणू. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावलेली आहे त्यांच्या शरीरात तो पसरू शकतो. अवयव प्रत्यारोपणानंतर औषधे चालू असलेले, रक्ताचा कॅन्सर असलेले, एड्सचे किंवा मोठ्या डोसमध्ये स्टिरॉइड घेणारे रुग्ण यात येतात. गरोदरपणात देत नाहीत आणि उपचार चालू असताना गर्भधारणा टाळायची असते. आपल्याकडे सांधेदुखीवर, दम्यावर काय गोळ्या चालू आहेत हे रुग्णाला अनेकदा माहीत नसते, आणि काही ‘देशी’ पुड्यांतही स्टिरॉइड मिसळलेले सापडते. असे काहीही घेत असाल तर लाजू नका, पुडी सोबत घेऊन जा.

त्रास काय होतो आणि घरी काय काळजी घ्यायची?

थंडी वाजून ताप, अंग मोडून येणे, थकवा, मळमळ आणि टोचलेल्या जागी दुखणे हे नेहमीचे त्रास. पहिल्या तीन महिन्यांत ते जास्त होतात आणि सहसा तीन दिवसांत उतरतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल पुरते. ताप तीन दिवसांपलीकडे गेला, टोचलेल्या जागेभोवती लाली पसरत गेली, पू आला किंवा जखम भरेना, तर दाखवायला हवे. त्वचेखाली जंतुसंसर्ग होणे हा यातला गंभीर त्रास आहे, सुदैवाने कमी आढळणारा. काहींच्या अंगावर कोडासारखे पांढरे डाग येतात.

टोचलेल्या जागेवर विषाणू काही दिवस असू शकतो, त्यामुळे घरच्यांचे प्रश्न रास्त असतात. प्रत्येक इंजेक्शननंतर निदान आठवडाभर, आणि जागा ओली असेल तर त्याहून जास्त, हवाबंद ड्रेसिंग ठेवायचे. ते बदलणाऱ्याने हातमोजे घालायचे, काढलेले ड्रेसिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून टाकायचे आणि साबणाने हात धुवायचे. रुग्णाने ती जागा खाजवू नये आणि त्या हाताने डोळे चोळू नयेत. घरातल्या गरोदर सुनेने, तान्ह्या बाळाने किंवा केमोथेरपी चालू असलेल्या व्यक्तीने ड्रेसिंगला हात लावू नये. शरीरसंबंधात कंडोम वापरावा. तोंडात किंवा ओठावर फोड असताना पाप्या घेणे टाळावे, नातवंडांच्याही. एवढे पाळले की एका घरात राहायला, शेजारी बसून जेवायला हरकत नाही. रुग्णाचे ताट-अंथरूण वेगळे करून त्याला कोपऱ्यात बसवायचे कारण नाही.

आता माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरांशी संबंधित मुद्दा. परदेशात टी-व्हेक चालू असलेले काका-मावशी सुटीत पुण्याला किंवा कोल्हापूरला येतात, ओठावर जर उठतो आणि ते जुन्या डॉक्टरांकडे जातात. डॉक्टर सवयीने अॅसायक्लोव्हिर लिहून देतात. हे औषध हर्पिस विषाणूवर चालते, म्हणजे टी-व्हेकवरही. गरज असेल तेव्हा ते द्यावेच लागते, पण त्याने उपचाराचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून आधी कॅन्सरतज्ज्ञांशी बोलणे झाले पाहिजे. टी-व्हेक चालू असल्याची चिठ्ठी पाकिटात ठेवा आणि कोणत्याही दवाखान्यात पहिल्यांदा ती दाखवा. पावसाळ्यात इथे आल्यावर ताप आला तर तो इंजेक्शनचाच असेल असे धरून बसू नका, डेंग्यू-मलेरियाची तपासणी करून घ्या.

भारतात काय करता येईल?

भारतातल्या रुग्णालयांत टी-व्हेक नेहमीच्या उपचाराचा भाग नाही. किंमतही आवाक्याबाहेरची: २०१५ मध्ये कंपनीनेच एका रुग्णाचा सरासरी खर्च सुमारे ६५ हजार डॉलर सांगितला होता. इथे मेलॅनोमा उलटल्यावर प्रत्यक्षात हाताशी असतात त्या शस्त्रक्रिया, इम्युनोथेरपी, काही ठिकाणी रेडिएशन, आणि गाठीत बीआरएएफ नावाच्या जनुकाचा विशिष्ट बदल सापडला तर त्यावरच्या गोळ्या. तळपायाच्या मेलॅनोमात हा बदल कमी वेळा आढळतो, तरी तपासणी करून घ्यावी.

नवे विषाणू येत आहेत. आरपी-१ नावाचा असाच हर्पिस विषाणू, इम्युनोथेरपी घेऊनही आजार वाढलेल्या १४० रुग्णांना निव्होलुमॅबसोबत दिला, तेव्हा सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या गाठी आटल्या. तरीही त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि जुलै २०२५ मध्ये एफडीएने तेवढ्या पुराव्यावर मंजुरी दिली नाही.

कोणी ‘आमच्याकडे व्हायरस थेरपी आहे’ म्हणून लाखो रुपये मागत असेल, तर विषाणूचे नाव, परवानगीचे कागद आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक लेखी मागा. भारतातल्या औषधचाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर असते आणि ती कोणालाही पाहता येते. नोंदणीकृत चाचणीत प्रायोगिक औषध सहसा रुग्णाला विकत घ्यावे लागत नाही, आणि संमतीपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळाले पाहिजे.

त्या मुलीच्या वडिलांचा पेट स्कॅन झाला तेव्हा पायावरच्या गाठींबरोबर फुप्फुसातही दोन गाठी दिसल्या. म्हणजे औषध अमेरिकेतून आणता आले असते तरी त्यांच्यासाठी ते योग्य नव्हते. शोधाशोधीत त्यांचे सहा आठवडे गेले होते. आता त्यांची इम्युनोथेरपी चालू आहे, आणि मी थायरॉइड आणि साखर तपासत असतो, कारण त्या औषधांचे दुष्परिणाम तिथे दिसतात.

तुमच्या घरी असा प्रश्न उभा राहिला, तर कॅन्सरतज्ज्ञांकडे जाताना पहिल्या शस्त्रक्रियेचा बायोप्सी रिपोर्ट, मूळ स्लाइड आणि ब्लॉक, अलीकडचा स्कॅन, चालू गोळ्यांची यादी आणि गाठींचे तारखेसह फोटो घेऊन जा. फोटो काढताना शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवा, म्हणजे आकार कळतो. आणि हे विचारा: आजार त्वचेपुरता आहे की आत गेला आहे? सगळ्या गाठी कापून काढता येतील का? इम्युनोथेरपी आधी द्यायची का, आणि नाही तर का नाही? टी-व्हेक किंवा तशा विषाणूची चाचणी कुठे सुरू असेल, तर आमचा रुग्ण तिच्या निकषांत बसतो का?